वहीतल्या सहलीत समुद्राला जागा

एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: वय ६१, राहणं नाशिकजवळ. मुलगा-सून जर्मनीत. दोघांनी आईवडिलांसाठी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर आठ दिवसांची सहल ठरवली आहे, स्वतःही येणार आहेत. ताईंचे यजमान इतिहासाचे निवृत्त शिक्षक, सह्याद्रीतले किल्ले पायी हिंडलेले. त्यांनी एका वहीत सकाळ-दुपार-संध्याकाळचा कार्यक्रम लिहून काढला आहे: तटबंदी, राजवाडा, लिंडोसचा अक्रोपोलिस (उंचावरचा प्राचीन गड), कामिरोसचे अवशेष, आणखी दोन किल्ले. ताईंचे दोन्ही गुडघे झिजलेले, पायऱ्या म्हटलं की धसका. त्यांना समुद्राजवळ बसायचं आहे, जमलं तर पाण्यात उतरायचं आहे. पण आजवर घोट्याच्या वर समुद्र अंगाला लागलेला नाही. त्या विचारतात: "एवढा खर्च करून जायचं आणि वाळूत बसून राहायचं, हे पटत नाही. ह्यांना एकटं सोडून मी किनाऱ्यावर गेले तर बरं दिसेल का? तिथे मी घालू काय? माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होणार असेल तर मी न गेलेलंच बरं, असं वाटतं."

ताई,

"वाळूत बसून राहायचं, हे पटत नाही," हे तुमचं वाक्य मी दोनतीनदा वाचलं. हे नेमकं कोणाला पटत नाही, ते शोधत होते. यजमान तसं म्हणाल्याचं पत्रात कुठे नाही. सून तर तुम्हाला समुद्राचे फोटो पाठवतेय, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आक्षेप तुमचाच आणि तुमच्यावरच. जन्मभर घर चालवलेल्या बाईला बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं, कारण ती बसली की कुठेतरी काहीतरी अडतं हा तिचा रोजचा अनुभव असतो. ऱ्होड्सला तुम्ही दोन तास बसलात तर कोणाचंही काही अडणार नाही.

दुसरं असं, की तुम्ही थेट "जाऊ की नको" इथे येऊन पोचलात. मधली एक पायरी राहून गेली: मला समुद्र हवा आहे, हे घरात बोलणं. यजमानांच्या वहीत समुद्र नाही, कारण त्यांना तो कोणी सांगितलेलाच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना न सांगता कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते वाटणं मला समजतं. पण किल्ल्यांच्या नादी लागलेल्या माणसाला खंदकाची खोली न सांगता कळते, बायकोचं मन सांगावं लागतं. सांगा. वही अजून त्यांच्याच हातात आहे.

आणि तिसरी गोष्ट तुम्ही बेटाबद्दल गृहीत धरली आहे: किल्ले एकीकडे, समुद्र दुसरीकडे, म्हणून दोघांतल्या एकाचंच होणार. इथे मी अगदी खात्रीनं सांगते, ऱ्होड्सला तसं नाही. मी माझ्या आईला घेऊन तिथे गेले होते. ती तेव्हा ६८ वर्षांची, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्या आठ दिवसांत जे कळलं त्याच्याच आधारावर पुढचं लिहितेय. तुमच्यासारखीच आणखी पत्रं आली आहेत, कोणी सासऱ्यांना घेऊन जाणार आहे, कोणी लहान मुलांना. त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

बेट साधारण ८० किलोमीटर लांब. ऱ्होड्स शहर उत्तरेच्या टोकाला. पूर्वेचा किनारा शांत, बराचसा वाळूचा. पश्चिमेला वारं जास्त आणि गोटे जास्त. तुमच्या यजमानांच्या वहीतलं पहिलं पान म्हणजे शहराचा तटबंदीतला जुना भाग, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत असलेला. तटबंदी सुमारे चार किलोमीटरची. सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे मूळचे यात्रेकरूंची शुश्रूषा करणारे आणि पुढे शस्त्र हाती घेतलेले धर्मवीर, यांनी १३०९ पासून दोनशेहून जास्त वर्षं इथून राज्य केलं. १५२२ मध्ये तुर्कांच्या सुलतान सुलेमाननं सहा महिने वेढा दिला, शेवटी तह झाला आणि उरलेल्या नाइट्सना त्यानं बेट सोडून जाऊ दिलं. यजमान हे तुम्हाला विमानातच ऐकवतील. ऐका; माणूस आवडीच्या विषयावर बोलतो तेव्हा तरुण दिसतो.

आता हे बघा. या तटबंदीच्या दरवाजातून बाहेर पडलं की मांद्राकी बंदर. बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरिण आणि हरिणी उभी आहेत. जगातल्या सात आश्चर्यांतला तो ब्राँझचा भव्य पुतळा इथेच दोन पाय फाकून उभा होता अशी दंतकथा आहे. अभ्यासक ती मानत नाहीत, पुतळ्याची खरी जागा कोणती यावर त्यांचं अजून एकमत नाही. इ.स.पू. २२६ च्या सुमाराच्या भूकंपात तो पडला, एवढं मात्र नक्की. बंदराच्या कडेकडेनं सपाट रस्त्यानं पुढे चालत गेलं की शहराचा किनारा लागतो, एली नावाचा. जुन्या शहरापासून पाऊण तास लागेल असं धरून निघा, रमतगमत, मध्ये बाकावर बसत. सरळ चालणारा माणूस त्याच्या निम्म्यात पोचतो. म्हणजे यजमान सकाळी तटाच्या आत, तुम्ही आणि सून पाण्याजवळ, आणि दुपारी जेवायला सगळे एकत्र. एकाच सकाळी दोन्ही.

"ह्यांना एकटं सोडून" हा शब्दप्रयोग म्हणूनच मला थोडा जड वाटला. तुम्ही त्यांना सोडत नाही आहात, एक वाजता भेटणार आहात. आई आणि मी भेटीची एक जागा ठरवून ठेवली होती, जुन्या शहराच्या पूर्व भागातला समुद्रघोड्यांच्या कारंज्याचा चौक. झाडं आहेत, सावली आहे, बसायला जागा आहे. तिथेच एक काळा स्तंभ आहे. या भागात ज्यू लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. जुलै १९४४ मध्ये जर्मन सैन्यानं इथल्या दीड हजारांहून अधिक ज्यूंना धरून आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं, फार थोडे वाचले. त्यांचं हे स्मारक. आई तिथे माझी वाट पाहत बसली होती, मी पोचले तर ती उठून त्या दगडासमोर हात जोडून उभी. मी राजवाड्यातल्या बारा-पंधरा दालनांतून फिरून आले होते, आणि त्या दिवसाचा सगळ्यात जवळून पाहिलेला इतिहास तिच्या वाट्याला आला होता, बसल्या जागी.

जुन्या शहराची एक अडचण मात्र खरी आहे. रस्ते समुद्रातले गोल गोटे उभे ठोकून केलेले. दिसायला देखणे, गुडघ्याला आणि घोट्याला वाईट. चपला, सॅंडल काहीही नको. जाड मऊ तळव्याचे बूट, आणि घरात काठी असेल तर लाज न बाळगता ती घ्या. तटावरून चालण्याचा मार्ग यजमानांना करू द्या. तुम्ही खालच्या खंदकात उतरा. खंदक कोरडा आहे, बागेसारखा, तिकीट नाही, चाल सोपी. दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि वाटेत जागोजागी दगडी तोफगोळे पडलेले. वेढा म्हणजे काय ते वरून कळतं त्यापेक्षा मला खालून जास्त कळलं, कारण भिंतीकडे तोंड करून उभी राहणारी मीच होते.

एक जिना मात्र तुम्ही चढाच, सावकाश, कठड्याला धरून. नाइट्सच्या जुन्या इस्पितळात आता पुराणवस्तू संग्रहालय आहे. वर संगमरवराची एक स्नान करणारी अफ्रोडायटी, म्हणजे ग्रीकांची सौंदर्यदेवता, आहे, इ.स.पू. पहिल्या शतकातली, उंची जेमतेम अर्धा मीटर. मोठमोठे पुतळे पाहून गेलेल्या माणसाला ती आधी दिसतही नाही. गुडघ्यावर बसलीय, दोन्ही हातांनी ओले केस दोन बाजूंना धरलेत, पिळायच्या बेतात. न्हाऊन झाल्यावर उन्हात केस सोडून बसलेली कुठलीही बाई. आई तिच्यासमोर खूप वेळ थांबली आणि म्हणाली, "हिला कोणी हाक मारत नाहीये." तुमचं पत्र वाचताना मला हेच आठवत होतं.

दुसरं मोठं पान लिंडोसचं. शहरापासून सुमारे ५० किलोमीटर, पूर्व किनाऱ्यावर, बस जाते. पांढऱ्या घरांचं गाव, आत गाड्या नाहीत, वर ११६ मीटर उंच खडक, आणि खडकाच्या माथ्यावर अथेना देवीचं प्राचीन देऊळ, भोवती नाइट्सची तटबंदी. चढ जवळजवळ तीनशे पायऱ्यांचा आहे, दगड घासून गुळगुळीत झालेले. तुमच्या गुडघ्यांनी हा चढ चढू नका. चढणं एक वेळ जमेल, उतरताना रडवेल. गाढवावर बसा असं तिथे लोक सुचवतात, तेही नको. जनावरावर फार भार घालू नये म्हणून ग्रीसनं २०१८ मध्ये वजनाची मर्यादा घातली, यावरूनच गाढवांची काय स्थिती होती ते समजावं. शिवाय गाढव शेवटपर्यंत नेत नाही, सगळ्यात उभा जिना स्वतःच्याच पायांनी चढावा लागतो.

मग लिंडोसमध्ये तुम्ही काय करायचं? यजमानांना सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, मुलासोबत वर पाठवा. चढावर खडकात कोरलेलं एक प्राचीन जहाज आहे, गलबताचा मागचा भाग, इ.स.पू. १८० च्या सुमाराचं. त्याचा फोटो आठवणीनं काढायला सांगा. तोवर तुम्ही आणि सून टॅक्सीनं खालच्या मोठ्या किनाऱ्यावर जा, बसच्या चौकापासूनचा उतारही चालू नका. वाळू आहे, पाणी उथळ आहे, आणि मान वर केली की तोच खडक, तीच तटबंदी, तेच देवळाचे खांब. तुमचे यजमान वरून समुद्र बघत असतील, तुम्ही समुद्रातून किल्ला बघत असाल. ज्यांनी तो बांधला त्यांचे शत्रूही तो असाच, पाण्यावरून बघत आले. हे यजमानांना सांगून पाहा, वहीत नोंद करतील.

खडकाच्या दुसऱ्या अंगाला सेंट पॉलची खाडी आहे, चहूकडून खडकांनी वेढलेलं तळ्यासारखं पाणी. सुंदर आहे, पण खाली जायची वाट उताराची. त्या दिवशी पाय कसे आहेत ते बघून ठरवा.

वहीत एक ठिकाण तुम्ही स्वतःच्या हातानं घाला: फेराक्लोस. हाही नाइट्सचा किल्ला, पडका, एका टेकडीवर. यजमान नाही म्हणणार नाहीत. आणि बरोबर त्याच्या पायथ्याशी अगाथी नावाचा किनारा आहे, सोनेरी वाळू, पाणी बराच वेळ गुडघ्याएवढंच. समुद्रात पहिल्यांदा उतरायला मी तुमच्यासाठी हीच जागा निवडेन. मुलगा जर्मनीहून येतोय तेव्हा एक दिवस गाडी भाड्यानं घेणं अवघड नाही; इथे बसची वाट पाहत बसू नका.

आता पाण्यात उतरण्याचं. कोकणात गेलो की आपण आधी भरती-ओहोटी विचारतो. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, काही सेंटिमीटरची. सकाळी चादर जिथे पसरली तिथेच संध्याकाळी पाणी असतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उन्हाळाभर तापलेलं पाणी कोमट असतं आणि उन्हाची धार गेलेली असते, महिना तुमच्या मुलानं फार चांगला निवडलाय. या बाजूचा समुद्र आपल्या समुद्रापेक्षा खारट आहे, शरीर जरा सहज तरंगतं. आणि गुडघ्यांसाठी तर पाणी म्हणजे औषधच: कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं जवळपास निम्मं वजन पाणी उचलतं. तुम्ही तिथे चालायला जा, पोहायला नव्हे. सुनेचा हात धरून, किनाऱ्याला समांतर, वीस पावलं तिकडे, वीस पावलं इकडे. लाल बावटा असेल किंवा लाटा उसळत असतील त्या दिवशी नाही. एली किनाऱ्यावरही पाण्यात जाऊ नका, तिथे गोटे आहेत आणि पाणी झटकन खोल होतं, तिथे बसायचं. जाण्याआधी तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या.

कपड्यांबद्दल तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं अर्धं ओझं तेच आहे. सुती सलवार-कुर्ता घालून पाण्यात जाऊ नका, एवढंच मी ठामपणे सांगेन. तो भिजला की जड होतो, पायात गुंडाळतो, गुडघेदुखीच्या माणसाला पाडतो. लांब बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा पोहण्याचा पोशाख आपल्याकडे सहज मिळतो. वरून एक मोठा टॉवेल किंवा सैल कफ्तान, पायात पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट. तिथे सत्तरी-पंचाहत्तरीच्या ग्रीक आज्या टोप्या घालून गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहून तासन् तास गप्पा मारत असतात, आपल्याकडे पारावर बसावं तशा. माझ्या आईला त्यांनी हातानं खुणावून बोलावलं होतं. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. तिनं काय घातलंय हे कोणी पाहिलंही नाही.

खर्चाची टोचणी कमी करायची तर: ग्रीसमधले समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. छत्री आणि आडवी खुर्ची हवी तर पैसे द्यावे लागतात, पण मोकळ्या जागेत स्वतःची चटई पसरून बसायला कोणी मनाई करू शकत नाही. गुडघ्यांमुळे तुम्हाला मात्र खुर्चीच लागेल, खाली बसून उठणं त्रासाचं. तो खर्च औषधात धरा.

कागदपत्रांचं एक सांगायलाच हवं, कारण यात आमच्या ओळखीतलं एक कुटुंब अडकता अडकता वाचलं. ऱ्होड्सहून समोरच तुर्कस्तानातलं मार्मारिस आहे, बोटीनं साधारण तासाभरावर, आणि बंदरावर दिवसभराच्या सहलीच्या पाट्या लागलेल्या असतात. तुमचा शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, एकदाच प्रवेशाचा असेल तर तिकडे पाऊल ठेवलं की परत ग्रीसमध्ये यायला व्हिसा उरत नाही. शिवाय तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा. यजमानांना सुलेमानच्या देशाचा मोह होईल, आवरा. त्याऐवजी सिमी बेटावर जा, ते ग्रीसचंच. बंदराच्या दोन्ही बाजूंना डोंगरउतारावर पिवळट, केशरी, निळसर घरं एकावर एक रचल्यासारखी, आणि ते सगळं धक्क्यावरच्या खुर्चीतून दिसतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो मुलानं काढला असेलच, तरी जुन्या गुडघेदुखीचा त्यात काय विचार केलाय ते वाचून घ्या.

जेवणाची काळजी तुम्ही लिहिलेली नाही, पण कोणीतरी विचारेलच. ग्रीक लोकांचे उपवासाचे दिवस पुष्कळ, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ घरोघर आहेत. "निस्तिसिमो" म्हणजे उपवासाला चालणारं. मात्र त्यांच्या उपवासाला शिंपल्या आणि माकुल चालतात, तेवढं विचारून घ्यायचं. ऱ्होड्सची खासियत म्हणजे पितारुदिया, काबुली चण्यांची पुदिना घातलेली भजी. आणि मेलेकुनी, तीळ आणि मधाची वडी, तिथे लग्नात वाटतात. पहिला घास घेतला की तुम्हाला संक्रांत आठवेल.

राहिले पर्याय. न जाणं हा पर्याय मी बाजूला ठेवते. त्यानं कोणाचा खोळंबा वाचत नाही, उलट मुलगा-सून आठ दिवस चुकल्यासारखे वावरतील. वहीप्रमाणे मुकाट्यानं सगळीकडे फिरणं हा दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही हॉटेलच्या खोलीत पाय वर करून पडून असाल. चार दिवस त्यांचे, चार दिवस तुमचे, अशी वाटणी काही जण करतात. मला ती फारशी आवडत नाही, कारण मग प्रत्येक जण दुसऱ्याच्या दिवशी घड्याळ बघत बसतो. जागा एक, तास वेगळे, जेवण एकत्र, हे मला सगळ्यात जमण्यासारखं वाटतं. कामिरोसला मात्र अर्धा दिवस सगळ्यांनी मिळून जा. उतारावर वसलेलं आख्खं प्राचीन गाव समोर मांडलेलं आहे, खाली समुद्र. तुम्हाला सगळं फिरायची गरज नाही, एका जागी बसून यजमानांकडून ऐका. एक दिवस काहीच ठरवू नका.

सुनेला कसं सांगायचं, असं विचारलंय. आजच्या फोनवर एवढंच म्हणा: "तू फोटो पाठवलेस ना, त्या पाण्यात मला उतरायचंय. मला भीती वाटते. तू हात धरशील?" तिला आणखी काही सांगावं लागणार नाही. आणि नाशिकच्या एखाद्या तरणतलावावर महिलांची वेळ असते, जायच्या आधी आठवडाभर तिथे नुसतं उथळ पाण्यात चालून बघा, तो नवा पोशाख घालूनच.

यजमानांची वही मागून घ्या. प्रत्येक पानावर त्यांच्या सकाळच्या ओळीखाली तुमच्या अक्षरात एक ओळ लिहा: मी कुठे असेन, आणि किती वाजता कुठे भेटायचं. पहिल्या पानावर लिहायचं: "एली किनारा, १० ते १२. दुपारी १ वाजता समुद्रघोड्यांचं कारंजं."